ट्रॅकवरून मन उठतं तेव्हा

२०२३ चा ऑगस्ट. बुडापेस्टची जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा तोंडावर आलेली, आणि महिलांच्या ८०० मीटरमधली गतविजेती धावणार की नाही, हेच कुणाला सांगता येत नव्हतं. मोठ्या दुखापतीची बातमी नाही, सरावही चालू. पण तिचे कोच बॉबी कर्सी पत्रकारांना सांगत होते की ती येईलही, कदाचित येणारही नाही. तिला सुट्टी हवी आहे. वय वर्षं एकवीस.

ही अथिंग मो. (इंग्रजीत आडनाव वाचलं की ‘मू’ म्हणावंसं वाटतं, उच्चार मात्र ‘मो’.) आईवडील सुदानमधून अमेरिकेत आलेले, ती वाढली न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १९ व्या वर्षी तिने ८०० मीटरचं सुवर्ण घेतलं, वेळ १:५५.२१. या शर्यतीत अमेरिकेच्या बाईला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं होतं ते त्याआधी १९६८ साली, मॅडलिन मॅनिंगला. मग ४ बाय ४०० रिलेचं सुवर्ण. त्याच महिन्यात १:५५.०४. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्याच युजीनला जागतिक सुवर्ण, ब्रिटनच्या कीली हॉजकिन्सनला ०.०८ सेकंदाने मागे टाकून. विसाव्या वर्षी कपाटात लावायला जे काही असतं ते सगळं लावून झालेलं.

आणि मग ट्रॅकवरून मन उठल्याची चर्चा. यावर लोकांच्या दोनच प्रतिक्रिया असतात. एक, ‘फार लवकर मिळालं की असंच होतं, डोक्यात हवा जाते.’ दुसरी, ‘संपली, आता काही ही परत येत नाही.’ दोन्हींत मला एकच घोटाळा दिसतो. जिद्द म्हणजे जणू टाकीतलं पेट्रोल: असलं तर गाडी चालणार, संपलं तर बंद. माणसाचं मन उठतं तेव्हा आत नेमकं काय बिघडलेलं असतं, हे पाहिल्याशिवाय ‘परत येईल का’ या प्रश्नाला अर्थच येत नाही. कारण ‘मन लागत नाही’ या एका वाक्याखाली तीन-चार अगदी वेगळी दुखणी लपलेली असतात, आणि प्रत्येकाचा शेवट वेगळा होतो.

पहिला संशय शरीरावर घ्यायचा. हे लोकांना पटत नाही, कारण तक्रार मनाची असते. पण क्रीडावैद्यकातली माणसं आधी रक्त तपासायला सांगतात ती उगाच नाही. लांब आणि मध्यम पल्ल्याच्या धावपटूंमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, शरीरातला लोहाचा साठा घसरणं अगदी नेहमीचं. साठा घसरला की आधी वेळा बिघडतात असं नाही. आधी वॉर्मअप जड वाटायला लागतो आणि सकाळी शूज घालावेसे वाटत नाहीत. दुसरी गोष्ट खाण्याची. खाल्लेल्या अन्नातून सरावाचा खर्च वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कारभाराला जी ऊर्जा उरते, ती महिनोन्‌महिने अपुरी पडली की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी अनियमित होते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, झोप बिघडते, चिडचिड वाढते, उत्साह आटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला मिळून एक नाव दिलं, तोवर प्रत्येक लक्षणाचा वेगळा इलाज चालायचा. तिसरी गोष्ट अतिसराव. साधा थकवा चार दिवसांच्या विश्रांतीने जातो. अतिसरावाचं दुखणं जायला महिने लागतात, आणि त्याचं पहिलं लक्षण बहुतेकदा मनाचंच असतं.

ग्रेनाडाचा किरानी जेम्स आठवा. १८ व्या वर्षी ४०० मीटरचा जगज्जेता, १९ व्या वर्षी लंडनला ऑलिंपिक सुवर्ण, रिओत रौप्य. त्यानंतर तो जवळजवळ दिसेनासाच झाला. निदान निघालं ग्रेव्ह्ज डिसीजचं, म्हणजे थायरॉइड ग्रंथी बेफाम काम करू लागण्याचं. उपचार झाले, दोन हंगाम बहुतांश वाया गेले, आणि टोकियोत तो कांस्य घेऊन उभा होता. शरीराचं दुखणं ओळखू आलं की परतीची वाट खुली असते, हा त्यातला दिलाशाचा भाग.

रक्त ठीक निघालं, झोप ठीक निघाली, तरीही मन लागत नाही. इथून दुसरं दुखणं सुरू होतं, आणि विषय खरा गुंतागुंतीचा होतो.

डोपामिन हा शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याला आनंदाचं रसायन म्हणतात, पण ते तितकंसं बरोबर नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग या बाबतीत मूळचे. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी खडबडून जाग्या होतात. मग आधी एक दिवा लागतो आणि नंतर रस येतो, असं शिकवलं. थोड्याच दिवसांत पेशी दिव्यालाच दाद देऊ लागल्या. रस आला तेव्हा मात्र ढिम्म. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली. थोडक्यात, या पेशी मोजतात ती अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातली तफावत.

आता माकडाच्या जागी एकोणीस वर्षांची चॅम्पियन ठेवा. टोकियोत ती जिंकली तेव्हा ती बातमी होती. त्यानंतर तिचं जिंकणं म्हणजे दिव्यानंतरचा रस, ठरलेला. हरणं तेवढं बातमी. म्हणजे शर्यतीतून तिला मिळू शकणारं सुख शून्याच्या आसपास आलं, आणि दुःख मात्र पूर्ण शिल्लक राहिलं. असा सौदा रोज सकाळी सहाला उठून कोण करेल? लोक म्हणतात यशाने माणूस आळशी होतो. मला वाटतं, यशाने हिशेबच उलटा होतो, आणि मेंदू तो हिशेब चोख मांडतो.

त्यात पुढची पायरी कुठे आहे, हा प्रश्न. साध्या धावपटूपुढे पायऱ्या भरपूर असतात: जिल्हा, राज्य, दोन मिनिटांच्या आत धावणं, फायनल, पदक. मोपुढे २०२२ च्या शेवटी उरली होती एकच, जागतिक विक्रमाची. तो तेव्हा ३९ वर्षं जुना होता: चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोखविलोव्हाचा, १९८३ सालचा, १:५३.२८. मोची तेव्हाची सर्वोत्तम वेळ आणि हा विक्रम यांत १.७६ सेकंदांचं अंतर. कागदावर डोळ्याची दोन-तीन मिचकावणी. ट्रॅकवर मोजलंत तर ते सुमारे बारा मीटर भरतं. शेवटच्या सरळ पट्ट्यात एखादी आपल्यापुढे बारा मीटर असेल, तर तिला गाठायचा विचारही सुचत नाही. विसाव्या वर्षी ज्याच्यापुढे फक्त हे बारा मीटर उरतात, त्याला रोजच्या सरावात ‘आज काही कमावलं’ असं वाटायला जागा राहत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला हर्ब एलियटचं वाटतं. ऑस्ट्रेलियाचा हा पोरगा पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्यांवर कोच पर्सी सेरुटी यांच्या देखरेखीखाली दम तुटेपर्यंत चढायचा. १९५८ मध्ये डब्लिनला त्याने मैल ३:५४.५ मध्ये धावला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर ३:३५.६, स्वतःचाच जागतिक विक्रम मोडून सुवर्ण, दुसरा धावपटू पार मागे. वय २२. मोठ्यांच्या गटात मैल आणि १५०० मध्ये त्याला कुणीही कधी हरवलेलं नाही. आणि दोनेक वर्षांत तो निवृत्त झाला. घरी बायको होती, मूल होतं, केंब्रिजचं शिक्षण होतं. त्याचं ध्येय गाठून झालेलं होतं, आणि ध्येय गाठलेल्या माणसाला वाळूची टेकडी पुन्हा नुसती वाळूची टेकडीच दिसते. तो परत आला नाही, आणि त्यात कुठलीही शोकांतिका नव्हती. आपण प्रेक्षक मात्र ‘किती धावला असता’ म्हणून अजून हळहळतो. ती हळहळ आपली, त्याची नव्हे.

तिसरं दुखणं मालकीचं. ही शर्यत कुणाची आहे?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर या प्रश्नावर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला एखादी गोष्ट मनापासून करत राहायची तर तीन गोष्टी लागतात. आपण हे स्वतः निवडलंय ही भावना, आपल्याला हे जमतंय ही भावना, आणि आपल्या माणसांत आहोत ही भावना. चॅम्पियनला दुसरी भरभरून मिळते. पहिली आणि तिसरी गुपचूप निसटतात. शाळेत असताना मुलगी धावते कारण धावायला आवडतं आणि क्लबातल्या मैत्रिणी असतात. मग बुटांच्या कंपनीचा करार येतो. या करारांत बक्षिसं असतात तशी कपातही असते: अमुक इतक्या शर्यती धावला नाहीत किंवा क्रमवारीत घसरलात तर पैसे कमी. मोने कॉलेज पहिल्याच वर्षानंतर सोडून व्यावसायिक धावपटूचा रस्ता धरला, आणि २०२२ च्या हंगामानंतर टेक्सस सोडून नव्या कोचकडे लॉस एंजेलिसला गेली. गाव नवं, पद्धत नवी, सोबतचे लोक नवे.

पैशाने आवड कशी बिघडते, यावर १९७३ चा एक छोटासा प्रयोग अजून सांगितला जातो. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना सांगितलं, ‘चित्र काढा, मग प्रमाणपत्र देऊ.’ दिलंही. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे कमी वळली. ज्यांना असं काही कबूल केलं नव्हतं ती मुलं मात्र पूर्वीसारखीच रंगात रमली. बक्षीस वाईट असं यातून निघत नाही. पण ‘मी हे का करतो’ याचं उत्तर मुलांच्या मनात बदलून गेलं. धावण्याचं तसंच. मुलगी धावायची कारण ती धावायची. आता ती धावते कारण करार आहे, झेंडा आहे, कोचचं नियोजन आहे, लोक वाट बघतायत. एवढी कारणं जमली की मूळचं कारण खाली दबतं.

ही तीन दुखणी एकमेकांत मिसळतात, हे खरंच. तरी ओळखायची एक खूण आहे, आणि ती मला फार उपयोगाची वाटते. थकलेला धावपटू म्हणतो, ‘मला जमत नाहीये.’ मन खरंच उठलेला धावपटू म्हणतो, ‘यात एवढं काय आहे?’ ४०० मीटरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या मारायच्या आणि जिथून निघालो तिथेच येऊन पडायचं, याला काय अर्थ, असं ज्याला वाटू लागतं त्याचं काम कठीण. कारण तो खोटं बोलत नसतो.

८०० मीटर या शर्यतीचाही यात हात आहे. १०० मीटरवाला नऊ-दहा सेकंदांत मोकळा होतो. मॅरेथॉनवाल्याला लय सापडते. ८०० मध्ये यातलं काहीच नाही. पहिली फेरी ५६-५७ सेकंदांत, म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या जिवाच्या आकांताच्या धावेपेक्षाही जोरात, आणि ती ‘सावकाश’ धावायची असते. ५०० च्या पुढे मांड्या भरून यायला लागतात. ६०० ला हात वर उचलेनासे होतात, खांदे कानांकडे चढतात, आणि पुढे अजून दोनशे मीटर. सरावातही हेच: तीनशेचे रिपीट (तीनशे मीटर पुन्हा पुन्हा धावणं), मधली विश्रांती मुद्दाम अपुरी, चौथ्या रिपीटनंतर गवतावर ओणवं होऊन ओकणारी पोरं कोणत्याही ट्रॅकवर दिसतील. हे दुखणं येणार आहे हे आधीच माहीत असतं, आणि तरीही त्यात शिरायचं. त्यासाठी ‘का’चं उत्तर तयार लागतं. उत्तर डळमळीत असेल तर ६०० मीटरला शरीर विचारतं, आणि धावपटू अर्धा सेकंद थांबून विचार करतो. तेवढ्यात शर्यत गेलेली असते.

बरं, थांबली तर काय जातं? फिटनेस, पण लोकांना वाटतो तितका नाही. १९८४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात चांगल्या तयारीच्या खेळाडूंना सराव पूर्ण बंद करायला लावला. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घसरली, आठ आठवड्यांनी सुमारे १६ टक्क्यांवर येऊन थबकली. तरीही ती कधीच सराव न केलेल्या माणसांपेक्षा वरच होती. वर्षानुवर्षं घडवलेलं हृदय आणि रक्तवाहिन्या दोन महिन्यांत मोडत नाहीत. पोटऱ्यांचे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र लवकर नाजूक होतात, म्हणून परतीच्या वाटेवर दुखापती जास्त होतात.

कागदपत्रांची बाजू फारशी कुणी सांगत नाही. वरच्या पातळीवरच्या धावपटूला उत्तेजकविरोधी चाचणीसाठी रोज कुठल्या एका तासात तो कुठे सापडेल हे आधी कळवून ठेवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकामूक झाली की बंदीपर्यंत प्रकरण जातं. म्हणजे ‘ब्रेक’ घेतलेल्या माणसालाही सुट्टीचा पत्ता द्यावाच लागतो. यातून सुटायचं तर रीतसर निवृत्ती जाहीर करायची. पण नंतर परतायचं मनात आलं, तर आधी लेखी कळवून सहा महिने चाचण्यांना उपलब्ध राहायचं, मगच स्पर्धा. म्हणून एखादी चॅम्पियन ‘थोडी थांबतेय’ म्हणाली आणि निवृत्तीचा कागद भरला नाही, तर तिच्या मनात दार उघडं आहे असं मी समजतो. मुलाखतींपेक्षा हा कागद जास्त बोलतो.

बाहेर जाऊन परतलेल्यांत माझी आवडती अ‍ॅश बार्टी. खेळ वेगळा, टेनिस, पण दुखणं हेच. २०१४ मध्ये अठराव्या वर्षी तिने टेनिस सोडलं आणि चक्क क्रिकेट खेळायला गेली, संघातली एक म्हणून. २०१६ मध्ये परतली, २०१९ मध्ये जगात पहिली, २०२१ मध्ये विम्बल्डन. आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून पंचविसाव्या वर्षी पुन्हा निवृत्त, या वेळी कायमची. दोन्ही निर्णय तिचे स्वतःचे. याउलट पोहणारा इयन थॉर्प: २००६ मध्ये चोविसाव्या वर्षी थांबला, २०११ मध्ये परतला, आणि लंडन ऑलिंपिकसाठी ऑस्ट्रेलियाच्या संघात जागा मिळवू शकला नाही. बार्टीला दीड-दोन वर्षांत परत बोलावणारं काही आत होतं. थॉर्प पाच वर्षांनी आला तोवर पाणी पुढे वाहून गेलेलं.

मधला प्रकारही आहे. केनियाची पामेला जेलिमो १८ व्या वर्षी बीजिंगला ८०० ची ऑलिंपिक विजेती, त्याच उन्हाळ्यात झुरिकला १:५४.०१, आणि गोल्डन लीग या शर्यतमालिकेचं दहा लाख डॉलरचं बक्षीस एकटीने. एका हंगामात एवढं. पुढच्या वर्षी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत फायनलही नाही. सगळ्यांनी तिला मोडीत काढलं. २०१२ मध्ये तिने इस्तंबूलला जागतिक इनडोअर सुवर्ण घेतलं. परतली, हे खरं. पण १:५४ ची जेलिमो पुन्हा कधी दिसली नाही. ‘परत येईल का’ विचारणारे लोक नेहमी ती जुनी वेळ मनात धरून विचारतात, आणि म्हणून बहुतेक पुनरागमनं त्यांना अपुरी वाटतात.

आता बुडापेस्ट. मोला तिथे न जाण्याची मुभा का होती? नियमामुळे. गतविजेत्याला जागतिक स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, निवड चाचणीत पहिल्या तिनात यावं लागत नाही. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने ८०० सोडून १५०० धावून पाहिली, दुसरी आली, आणि ८०० चा निर्णय शेवटपर्यंत हातात ठेवला. वर मी मालकीबद्दल बोललो ते हेच. क्वचितच एखाद्या चॅम्पियनला ‘नाही’ म्हणायची खरीखुरी सोय असते. तिला ती होती, आणि तिने ‘हो’ म्हटलं.

फायनलमध्ये ती शेवटच्या सरळ पट्ट्यापर्यंत झुंजत राहिली. मग केनियाची मेरी मोरा पुढे गेली, हॉजकिन्सनही गेली. मोरा १:५६.०३, मो १:५६.६१, कांस्य. सरावात मन नसलेल्या हंगामात जागतिक कांस्य. यावरून तिचं शरीर काय प्रतीचं आहे ते समजा. तीन आठवड्यांनी युजीनला ती पुन्हा धावली. हरून झालेलं होतं, जपायला किताब नव्हता. वेळ १:५४.९७, नवा अमेरिकी विक्रम, तिच्या आयुष्यातली सर्वोत्तम. शुल्त्झच्या माकडाची गोष्ट इथे पुन्हा आठवते: रस पुन्हा अनपेक्षित झाला होता.

२०२४ मध्ये नियम उलटा होता. ऑलिंपिकला गतविजेत्यालाही सूट नाही; अमेरिकेत त्या दिवशी पहिल्या तिनात या, नाहीतर घरी बसा. वसंतात दुखापत, हंगामात शर्यतीच नाहीत, आणि थेट निवड चाचणी. फायनलला पहिल्या दोनशे मीटरच्या आसपास घोळक्यात पाय अडकला आणि ती पडली. उठली, धावत राहिली, शेवटी आली. दाद मागितली ती फेटाळली गेली. पॅरिसचं सुवर्ण हॉजकिन्सनने नेलं.

२०२५ मध्ये लग्नानंतर ती मो-निकोलायेव या नावाने धावू लागली. शर्यतींना आली, वेळा १:५५ च्या जवळपासही नव्हत्या. पण पूर्वी जिच्या नावापुढे पहिला क्रमांक गृहीत धरायचे, ती त्या हंगामात निकालाच्या यादीत खालून शोधावी लागायची, आणि तरी पुढच्या शर्यतीच्या प्रवेशयादीत नाव द्यायची. मी तिच्या वेळा बघणं थोडं थांबवलंय. प्रवेशयादी तेवढी बघतो.